नजरचूक तुझी नव्हती

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ छापायची आणि सोबत तुझ्याबद्दल चार ओळी, एवढंच श्रावस्तीने माझ्याकडे मागितलं होतं. "काका, बाबांचे सगळ्यात जुने मित्र तुम्ही. तुमच्याच पेपरात येऊ दे," म्हणाली. मी हो म्हटलं. तिसऱ्या पानावर तुझ्या फोटोसाठी चौकट आखली आणि दोन दिवस त्या रिकाम्या चौकटीकडे नुसता बघत बसलो. निर्भीड, अभ्यासू, हसतमुख हे शब्द आमच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतात. कुणाच्याही फोटोखाली बसतात. तुझ्या फोटोखाली मला ते बसवता येईनात. कारण तीन वर्षांपूर्वी तुझ्या नावाला एक शब्द चिकटला, नजरचूक. तो चिकटवण्यात माझा हात होता. तू गेलास तेव्हाही तुला हे माहीत नव्हतं.

म्हणून या चार ओळी लांबणार आहेत. वाचणाऱ्यांनी राग धरला तरी चालेल.

तुला आठवतं, तू सकाळी दहाच्या सुमारास प्रेसवर यायचास. उल्हासनगरात कॅम्प एकच्या त्या गल्लीत तुझी स्कूटर शिरली की समोरचे सिंधी कागदवाले साईं तिथूनच ओरडायचे, "सुरेश साईं, आ गया तुम्हारा नंबर पढ़नेवाला!" गल्लीतल्या लोकांना वाटायचं तू आकडा लावतोस. तू त्यांना कधी खरं सांगितलं नाहीस, उलट विचारायचास, "साईं, आज क्या खुलेगा?" मग आत येऊन माझ्या टेबलावरचे ठाणे जिल्ह्यातले सगळे चिल्लर पेपर गोळा करायचास, माझ्या पेपरासकट, आणि त्यातल्या फक्त जाहीर नोटिसा वाचायचास. बातम्या नाहीत, अग्रलेख नाही. तमाम लोकांस कळविण्यात येते की. मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, हरकत असल्यास चौदा दिवसांत. हे तू मोठ्याने वाचायचास आणि हिरव्या पुठ्ठ्याच्या डायरीत टिपायचास. ज्या दिवशी काही नसेल त्या तारखेपुढे एक आडवी रेघ.

"लोक गुन्ह्याच्या बातम्या पोलीस चौकीत शोधतात," तू म्हणायचास. "येड्यांनो, ते सगळं झाल्यावरचं. सुरुवात इथे होते, आठ पॉइंटच्या टायपात. कुणीच वाचत नाही म्हणून इथे होते."

आणि खरंच होतं ते. अंबरनाथ, बदलापूर, कात्रप, जिथे जिथे शेतं जाऊन इमारती उठत होत्या, तिथल्या टोळीचं काम गोळीने कमी आणि कागदाने जास्त चालायचं हे तू आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखलंस. मेलेल्या माणसाचा अंगठा, खोटं कुलमुखत्यारपत्र, मग कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पेपरात नोटीस, चौदा दिवस गप्प बसायचं, मग रजिस्ट्रेशन. कुणी ओरडलंच तर चार पोरं त्याच्या दारात जाऊन बसायची, काही न बोलता, दिवसभर. ज्याची ही टोळी त्याचं नाव आपण दोघं कधी उच्चारायचो नाही. प्रत्येक चौकात त्याचा हात जोडलेला बॅनर होता, गणपती, ईद, चेटीचंड, भीमजयंती, कुठलाच सण त्याने सोडला नव्हता. तू त्याचं नाव 'शुभेच्छुक' ठेवलंस. "शुभेच्छुकाने कात्रपला अजून एक प्लॉट खाल्ला रे," असं तू चहाच्या टपरीवर खुशाल बोलायचास. शेजारी त्याचीच माणसं बसलेली असायची, त्यांना काही कळायचं नाही.

त्या शुभेच्छुकाने तुला एकदा शुभेच्छा दिल्या होत्या. हे वहिनींना तू सांगितलंस की नाही, मला माहीत नाही. आज सांगतो. एका दुपारी दोन माणसं प्रेसवर जाहिरात घेऊन आली. 'धडाडीचे पत्रकार मिलिंद यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' तुझा वाढदिवस सहा महिने लांब होता. फोटो तू शाळेच्या फाटकाशी उभा असल्याचा, न कळत काढलेला, आणि तुझ्या हातात श्रावस्तीचं दप्तर. मी म्हटलं, जागा नाही. त्यांच्यातला एक हसला. "मग सांभाळून ठेवा, वाढदिवसाला छापा."

मी तुला फोन करून बोलावलं. तू फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघितलास. मग म्हणालास, "माझा इतका चांगला फोटो आजपर्यंत कोणी काढला नव्हता यार. छाप ना." मी शिव्या दिल्या. तू हसलास, पण संध्याकाळी श्रावस्तीला महिनाभर कल्याणला मामाकडे सोडून आलास. आणि तिथून परत येताना माझ्याकडे थांबून विचारलंस, "नोटिसा बघितल्यास का आजच्या? मी यायचा राहिलो." त्या दिवसापासून मी तुला घाबरट म्हणून कधी चिडवलं नाही. आणि त्याच दिवसापासून मी स्वतः घाबरट झालो. तुझ्या हातातलं दप्तर मी बघितलं होतं, आणि ती जाहिरात माझ्या टेबलावर आली होती.

आपलं भांडण कशावरून असायचं हे सगळ्यांना माहीत आहे. माझा चार पानी पेपर शुभेच्छांवर चालतो म्हणून.

"तुझा पेपर म्हणजे घडी घालता येणारा बॅनर आहे, संपादकसाहेब."

"आणि तू? तू बातमी मुंबईला पाठवतोस आणि घरी अंबरनाथला जाऊन झोपतोस. माझी मशीन इथे आहे, शटरच्या मागे. उचलून कुठे नेऊ?"

"मशीन नेऊ नकोस. तू हल."

"शाळेपासून तू मला हेच सांगतोयस."

"शाळेपासून तू हललेला नाहीस."

मग दोघंही हसायचो. तुझे वडील काडेपेटीच्या कारखान्यात, माझे शाळेत शिपाई. एकाच बाकावर बसून आपण मोठे झालो आणि एकाच हस्तलिखिताला दोन संपादक होतो. तेव्हाही लिहायचास तू आणि समास आखायचो मी. ते भांडण आपण पुढे नेलं असतं तर बरं झालं असतं. आपण नेहमी हसून अर्ध्यावर सोडलं.

आता मुद्द्याचं लिहितो. तू असतास तर केव्हाच म्हणाला असतास, पाल्हाळ काप, दुसरा परिच्छेद वर घे.

आमच्या धंद्यात 'कोर्टाचा अंक' नावाचा एक प्रकार आहे. लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. समजा एखाद्या मास्तरांना नावात बदल केल्याची नोटीस छापायची होती आणि तारीख हुकली. मग जुन्या तारखेचं पान कॉम्प्युटरवर पुन्हा उघडायचं, त्यातली एखादी चौकट काढायची, तिथे मास्तरांची नोटीस बसवायची, नवी प्लेट करायची आणि दहा-वीस अंक काढून द्यायचे. ऑफिसात दाखवण्यापुरते. वाचकाच्या घरी गेलेला अंक वेगळा, सरकारी फाइलला लागलेला वेगळा. पहिल्यांदा मी हे केलं ते खरोखरच एका मास्तरांसाठी, पेन्शन अडली होती. मग दाखला हरवलेल्या एका मुलीसाठी. मग मला त्यात काही वाटेनासं झालं. चांगलं काम करतोय असंच वाटायचं.

तुला या प्रकाराचा वास आलेला होता. एकदा चहा पिता पिता तू सरळ विचारलंस, "काही पेपरवाले म्हणे मागच्या तारखेचे अंक काढून देतात. तू काढतोस का रे?"

मी म्हटलं, "वेडा आहेस का?"

तू म्हणालास, "बरं." आणि नानकटाई चहात बुडवलीस. तुझं ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. दुसऱ्या कुणाला तू तीन वेगळ्या बाजूंनी तोच प्रश्न विचारला असतास.

शहरात तो मोठा पूर आला, त्याच्या आदल्या वर्षी एका वकिलाचा कारकून दुपारी माझ्याकडे आला. त्या वकिलाचं ऑफिस कुणासाठी चालतं हे उल्हासनगरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. "साहेबांनी सांगितलंय, तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेला ही नोटीस घ्या. पंचवीस अंक पुरेत." मौजे बदलापूर, सर्व्हे नंबर, क्षेत्र. त्या नोटिशीत मूळ मालकाचं नाव नव्हतं, कुलमुखत्याराचं होतं. मी वाचलीच नाही असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. ऑपरेटर जेवायला गेला होता, मजकूर मीच टाइप केला. त्या तारखेच्या तिसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात कुणाच्यातरी वाढदिवसाची जाहिरात होती. ती काढली, नोटीस बसवली. पंचवीस अंक. अर्ध्या तासाचं काम. कारकुनाने जाताना विचारलं, "तुमचे ते मित्र अजून येतात का इकडे?" मी म्हटलं, "येतात." तो म्हणाला, "छान."

वाचकाला हे एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

दोन वर्षांनी तू बदलापूर गावातल्या हिराबाईंची बातमी काढलीस. त्यांच्या नवऱ्याचा अंगठा तो वारल्यानंतरच्या तारखेच्या कागदावर उठला होता आणि त्यांची कात्रपकडची जमीन त्या कागदावर विकली गेली होती. तू मला घेऊन गेला होतास त्यांच्याकडे. त्यांचा मुलगा बाळाराम जमिनीचे कागद पिशवीतून एकेक काढून दाखवत होता. विक्रीच्या कागदांत नोटिशीचा उल्लेख होता, पेपरचं नाव माझं, तारीख ती. हिराबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुजा पेपर आमचे घरान येतं रं बाला. पोरी रोज वाचून दावतान. त्यान आमचे जमिनीचा नाव नव्हता."

तू तिथेच सोबत आणलेली त्या वर्षाची डायरी काढलीस. तारीख शोधलीस. पुढे रेघ होती. तू माझ्याकडे वळलास. "सुऱ्या, तुझ्या अंकात त्या दिवशी ही नोटीस होती?"

मी म्हणालो, "नव्हती."

ते खरं होतं, मिलिंद. हिराबाईंच्या घरी आलेल्या अंकात नव्हती, तू वाचलेल्या अंकात नव्हती. मी ते एका क्षणात बोललो, आणि बोलल्यावर मला तो कारकून आठवला. परतीच्या वाटेवर मी तुझ्या स्कूटरवर मागे बसलो होतो. बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत सांगायला वेळ होता. तू मोठ्याने बोलत होतास, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं, खूप आनंदात होतास. "नोटीस छापलीच नाही! हे एक सिद्ध झालं की अख्खा व्यवहार बसतो रे!" मी मागून फक्त हूं म्हणत होतो.

तुझी बातमी जिल्ह्याच्या पानावर आली. तिसऱ्या दिवशी त्या वकिलाने तुझ्या मुंबईच्या संपादकांसमोर माझ्या पेपरचा अंक ठेवला. तीच तारीख, तिसरं पान, डावीकडे नोटीस.

तू माझ्याकडे धावत आलास. घामाने शर्ट चिकटलेला. "फाइल दाखव. त्या महिन्याची फाइल."

मी म्हणालो, "फाइल पुरात गेली."

कॅम्पात कुणाच्या घरात पाणी शिरलं नव्हतं? असं सांगितल्यावर कुणी पुढे विचारतच नसे. माझ्या प्रेसमध्येही कमरेएवढं पाणी होतं, तूच माझ्याबरोबर चिखल उपसला होतास दोन दिवस. पण बांधलेल्या फाइली माळ्यावर होत्या. त्यांना थेंब लागला नव्हता. तू वर बघितलंसुद्धा नाहीस. "अरे हो," म्हणालास, "मी विसरलोच. तुझं तर सगळंच गेलं." उलट माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

मग दोन दिवस तू रद्दीवाल्यांकडे फिरलास, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. दोन वर्षांपूर्वीचा चार पानी पेपर कोण ठेवतं? संध्याकाळी तुझ्या संपादकांचा मला फोन आला. सभ्य माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा अंक तुमचाच आहे ना?"

मी म्हटलं, "हो, आमचाच आहे."

हेही खरं होतं. मी दोन्ही वेळा खरं बोललो आणि त्या दोन वाक्यांच्या मधे तू संपलास.

दुसऱ्या दिवशी दिलगिरी आली. 'आमच्या वार्ताहराच्या नजरचुकीमुळे.' अंगठ्याबद्दल तू लिहिलेलं सगळं खरं होतं, पण त्यानंतर ते कुणी वाचलं नाही. पोलिसांत बाळारामला म्हणाले, नोटीस तर आली होती, तेव्हा झोपला होतात का? कोर्टात समोरच्यांनी तुझी दिलगिरी लावली. तुला पेपरने काढलं नाही, फक्त गुन्ह्याच्या बातम्या काढून घेतल्या. तू नळाला पाणी न आल्याच्या आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या बातम्या पाठवायला लागलास. चौकात शुभेच्छुकाची पोरं तुला बघून डोळ्यांवर हात धरायची, आंधळ्यासारखी. "पत्रकार, रस्ता दिसतो का?"

आता सगळ्यात वाईट लिहितो. दिलगिरी वाचली तेव्हा मला भीती वाटली, शरम वाटली, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं तू मला घडीचा बॅनर म्हणत होतास. आता तूही चुकलास. आता आपण एकाच बाकावर आलो, असं काहीतरी. ते दोन मिनिटंच टिकलं असेल. पण वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आणि तू काय केलंस? चार दिवसांनी पेढे घेऊन आलास. मी विचारलं कसले, तर म्हणालास, "माफीचे. तुझ्या पेपरला उगाच गोवलं यार. तू नाही म्हणालास ते आठवणीवर म्हणालास, चूक माझी. मी रोज वाचतो आणि माझ्याच नजरेतून सुटलं." मी पेढा हातात धरून उभा होतो. तू म्हणालास, "खा की." मी खाल्ला.

त्याच आठवड्यात तू डोळे तपासून आलास. डॉक्टर म्हणाले नंबर फारसा बदललेला नाही. तू दुसऱ्या डॉक्टरकडे गेलास. नवा चष्मा केलास. आणि तरी सकाळी येऊन, आता कुणी मागत नसताना, नोटिसा वाचायचास. आता मोठ्याने नाही. ओळीखाली फूटपट्टी धरून. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. समोरून साईंनी विचारलं, "आज क्या खुलेगा, मिलिंद साईं?" तर तू मान हलवून हसायचास फक्त. मी समोर बसून हे तीन वर्षं बघितलं. तीन वर्षं रोज सकाळी माझ्याकडे ते वाक्य तयार असायचं. एकदा तर मी म्हटलं, "मिलिंद, ऐक ना." तू फूटपट्टीवर बोट ठेवून वर बघितलंस. मी म्हटलं, "चहा सांगू?"

तू गेलास ती दुपार. वहिनींनी फोन केला, मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुझा चष्मा श्रावस्तीच्या मुठीत होता. स्मशानात सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, मीही म्हटलं. चौथ्या शीलावर, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, माझा आवाज फुटला नाही. शेजारच्याला वाटलं मी रडतोय. मी रडतही होतो.

परवा श्रावस्ती तुझ्या डायऱ्या घेऊन प्रेसवर आली. लेखाला उपयोग होईल म्हणून. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तुझ्यासारखीच खुर्चीत न बसता टेबलाच्या कडेला टेकते. तिने त्या वर्षाची डायरी उघडली. त्या तारखेपुढची तुझी रेघ तू नंतर खोडली होतीस. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंस, 'नजरचूक. माझी.' आणि खाली सही. जणू कोणी कबुलीजबाब मागितला होता.

"काका," ती म्हणाली, "बाबांची नजर एवढी खराब होती का हो?"

मला शिडी लावून माळ्यावर चढावं लागलं. ती खाली शिडी धरून उभी होती, तिला माहीत नव्हतं मी काय आणतोय. फाइल धुळीने भरली होती. मी टेबलावर ती तारीख उघडली. तिसरं पान, डावा कोपरा, कुणाच्यातरी वाढदिवसाची जाहिरात. मग मी तिला सगळं सांगितलं. कारकून, पंचवीस अंक, पूर, फोन. शेवटी डायरी मिटून म्हणाली, "आईसमोर हेच परत सांगा. एक शब्द इकडे-तिकडे न करता."

मी तुझ्या घरी गेलो, तुझ्या फोटोसमोर बसून वहिनींना परत सांगितलं. वहिनी ऐकत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भाऊजी, ते रात्री जेवताना म्हणायचे, सुरेशकडे जाऊन आलो की जरा बरं वाटतं." एवढंच. मग उठून आत गेल्या. मी बराच वेळ बसलो, त्या बाहेर आल्या नाहीत.

मिलिंद, मला तुझ्याकडे माफी मागायची नाही. ती मागायची वेळ तीन वर्षं रोज सकाळी दहा वाजता माझ्यासमोर येऊन बसायची. हे जे मी छापतोय त्याने माझा पेपर बंद होईल, मला आत जावं लागेल, किंवा कुणी दारात येऊन दिवसभर गप्प बसेल. काय व्हायचं ते होवो. मला फक्त एवढं हवं आहे की ज्यांनी डोळ्यांवर हात धरून तुला हिणवलं आणि ज्यांनी तुझी कीव केली त्या सगळ्यांनी हे वाचावं, आणि बाळारामच्या दाव्यात ही फाइल उभी राहावी. हिराबाई अजून आहेत. काल मी त्यांच्याकडेही गेलो होतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग त्यो चष्म्यावाला खरा बोललेला." मी हो म्हटलं. "त्याला सांगलास का?" मी म्हटलं, "नाही." त्या तोंड फिरवून बाळारामला म्हणाल्या, "याला वकिलाकडं ने."

आज सकाळी गेलो. कोर्टासमोर बाळारामच्या वकिलांच्या चिंचोळ्या ऑफिसात बाळाराम, मी आणि श्रावस्ती. श्रावस्ती डायरी घेऊन आली होती, माझ्याशी बोलत नव्हती. वकील प्रतिज्ञापत्र सांगत होते आणि टायपिस्ट टाइप करत होता. मी अमुक, वय अमुक, धंदा मुद्रक व प्रकाशक. मग वकील थांबले. "मयत पत्रकार हे तुमचे कोण, ते घालावं लागेल. समोरचा विचारणारच. काय लिहू? मित्र?"

मी श्रावस्तीकडे बघितलं. तिने डायरी मांडीवर उलटी ठेवली होती. टायपिस्टची बोटं वर थांबली होती. बाहेर कोणीतरी पुकारा करत होतं.

"आधी बातमी खरी होती ते लिहा," ती म्हणाली. "हे बाबांचे कोण, ते नंतर बघू."

वकिलांनी मान डोलावली, आणि टायपिस्टने ते आधी घेतलं. त्या दिवशीच्या अंकात सदर नोटीस नव्हती. मयत पत्रकाराची बातमी खरी होती. मी दोनदा वाचलं आणि सही केली. तू माझा कोण, ही वरची जागा आज तशीच सोडली आहे. श्रावस्ती सांगेल तेव्हा भरायची, किंवा नाही भरायची.

तुझा नव्हे, नुसता,
सुरेश